वाफवलेला रणगाडा

रणगाडा वाफवायचा नसतो, हे मला वयाच्या चौतिसाव्या वर्षी कळलं. उशिरा कळलं, हे मान्य. पण ज्या वयात अशा गोष्टी कळायला हव्यात, त्या वयात मला कुणी रणगाडा दिलाच नव्हता.

दिला तो सासऱ्यांनी. आबा, म्हणजे माझ्या बायकोचे वडील, सैन्यात वीस वर्षं रणगाडा चालवत होते. (ते त्याला 'टँक' म्हणत. 'रणगाडा' हा शब्द पेपरवाल्यांचा, चालवणाऱ्यांचा नाही, असं त्यांचं मत.) हवालदार म्हणून निवृत्त होऊन ते अमळनेरजवळच्या आपल्या गावी राहत होते. त्यांचे जुने मेजरसाहेब एकदा परदेशी जाऊन आले आणि येताना आबांसाठी एक खोका घेऊन आले. खोक्यात प्लास्टिकचे बारीक बारीक राखाडी तुकडे. ते सगळे जोडले की वीतभर लांबीचा टँक तयार होणार, आणि तोही आबा चालवायचे अगदी त्याच जातीचा.

आबांचे हात तोवर थरथरायला लागले होते. चहा बशीत ओतताना निम्मा लुंगीवर जायचा. पण त्या माणसाने अख्खा पावसाळा ओसरीवर बसून, नाकावर भिंग लावून, चिमट्याने एकेक तुकडा डकवला. साखळीपट्ट्यांची इवली चाकं वेगळी, तोफेची नळी वेगळी. वरचं डोकं तोफेसकट गोल फिरायचं. रोज सकाळी टँकवरची धूळ पुसायची आणि ते डोकं एकदा डावीकडून उजवीकडे फिरवायचं, हा त्यांचा नेम झाला. सासूबाई म्हणायच्या, "देवपूजा मी करते, हे टँकपूजा करतात."

राहिला होता फक्त रंग. युद्धाच्या टँकवर असतात तसे हिरवे, मातकट, काळे पट्टे. त्याला लागतो बारीक ब्रश आणि स्थिर हात. आबांनी एकदा ब्रश हातात धरून पाहिला आणि खाली ठेवला. मग त्यांनी टँक एका बिस्किटाच्या डब्यात, धोतराच्या घड्यांमध्ये झोपवला आणि गावातल्या एका माणसाबरोबर पॅसेंजरने सुरतेला, माझ्याकडे पाठवून दिला.

कारण मी रंगमास्तर होतो. एका प्रिंटिंग मिलच्या कलर किचनमध्ये. कलर किचन म्हणजे साड्यांवर छापायचे रंग जिथे घोटतात ती खोली. तिथे वजनकाटा असतो, ढवळण्या असतात, पिंपं असतात, फक्त खाण्यासारखं काही नसतं. दिवसाला मी इतके रंग कालवायचो की घरी भातावर वरण ओतलं तरी त्यात लाल किती टाकावा हा विचार यायचा.

डब्यात चिठ्ठी होती. अक्षर थरथरलेलं, पण भाषा हवालदाराची.

'जावईबापूंस नमस्कार. टँक पाठवीत आहे. तीन रंग देणे. हिरवा, मातकट, काळा. पट्टे वेडेवाकडे असावेत. एका बाजूसारखी दुसरी बाजू नसावी. टँक दिसता कामा नये, हा मुद्दा. पुढल्या रविवारी मेजरसाहेब आमच्याकडे येणार, त्यांस दाखवायचा आहे. मंगळवारी मी स्वतः न्यायला येईन. आपण या कामातले जाणकार, म्हणून विश्वासाने देत आहे.'

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. या नऊ वर्षांत आबांनी माझ्याकडे कधी काहीच मागितलं नव्हतं. पाण्याचा तांब्यासुद्धा ते स्वतः उठून घेत. आणि आता 'जाणकार', 'विश्वासाने'! मी ती चिठ्ठी तीनदा वाचली, चौथ्यांदा बायकोला मोठ्याने वाचून दाखवली आणि दुसऱ्या दिवशी मिलमध्ये घेऊन गेलो. तिथेच घात झाला.

आमच्या मिलमध्ये साड्यांची डिझाईन काढणारे जयेशभाई होते. मी त्यांच्या टेबलावर टँक ठेवला. त्यांनी तो चारही बाजूंनी पाहिला, पट्टीने मोजला आणि विचारलं, "पाटीलभाई, रिपीट केटलुं राखवुं छे?"

रिपीट म्हणजे नक्षी किती इंचांनी पुन्हा यायची ते. मी म्हणालो, "रिपीट नाही. वेडंवाकडं पाहिजे. पुन्हा यायलाच नको."

"रिपीट वगर डिझाईन केवी रीते थाय?" जयेशभाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी बिनपायांची खुर्ची मागितली होती. "सांधा दिसेल ना."

"टँकला सांधा नसतो."

"सगळ्याला सांधा असतो, पाटीलभाई. बॉर्डर पण नको?"

"नको."

"एक बारीक?"

शेवटी त्यांनी कागदावर ट्रेसिंग करून दिलं. वेडेवाकडे ठिपके काढा, एवढंच मी सांगितलं होतं. पण बाराही महिने साड्यांवर कैऱ्या काढून काढून त्या माणसाच्या हाताला वळणच तसं पडलेलं. ठिपका सुरू व्हायचा वेडावाकडा, गोल गरगरीत, आणि संपता संपता त्याला आपोआप एक वळलेलं टोक यायचं. मी म्हणालो, "जयेशभाई, या कैऱ्या आहेत." ते म्हणाले, "कुठे? हे तर धब्बे आहेत." आणि प्रत्येक धब्ब्याच्या पोटात त्यांनी एक छोटा धब्बा काढला. डावी बाजू उजवीशी तंतोतंत जुळत होती. टाचणीभरही फरक नव्हता. ते समाधानाने म्हणाले, "हवे कोई भूल नहि काढे." म्हणजे, आता कुणी चूक काढणार नाही.

मी तेव्हाच तो कागद चुरगाळायला हवा होता. पण खरं सांगायचं तर मलाही तो छान वाटला. अकरा वर्षं साड्यांत काढलेल्या माणसाला दोन्ही बाजू जुळलेल्या दिसल्या की बरं वाटतं, त्याला इलाज नाही.

निघताना जयेशभाईंनी एक शहाणपणाचं वाक्य उच्चारलं होतं. ते म्हणाले, "हार्डवेअरच्या दुकानात ऑइल पेंटचे छोटे डबे मिळतात, ते घेऊन जा."

मला ते फार लागलं. मी, रंगमास्तर, दुकानातून तयार डबा आणू? उद्या हलवायाला सांगाल पेढे विकत आण म्हणून! मी ताठ मानेने किचनमध्ये गेलो आणि साडीच्या रंगांतून मेंदी, खाकी आणि काळा असे तीन रंग स्वतःच्या हाताने वजन करून कालवले. तीन काचेच्या बरण्या भरून घरी आणल्या.

आता इथे धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमचे हे रंग बरणीत खोटं बोलतात. बरणीत जो तपकिरी दिसतो तो मुळात हिरवा असतो, जो जांभळट दिसतो तो काळा. कापडावर छापून कडक वाफ दिली, की मग तो आपलं खरं रूप दाखवतो. त्यामुळे रंगमास्तर डोळ्यांनी रंग बघतच नाही. तो मनात वाफ देऊन बघतो. ही आमची विद्या. सगळ्या आयुष्यात मला ही एकच विद्या आली आणि तिनेच माझा गळा कापला.

शनिवारी संध्याकाळी सुरतेच्या डिंडोली भागातल्या आमच्या घरात, ओट्याजवळ बसून मी टँक रंगवला. जयेशभाईंच्या कैऱ्या एकेक करून भरल्या. हात माझा खरंच स्थिर आहे, त्याबद्दल आजही कुणी काही बोललेलं नाही.

सुनंदा, माझी बायको, साड्यांना लेस शिवायचं काम घरी करायची. खोलीच्या एका कोपऱ्यात तिचा साड्यांचा ढीग कायम असायचा. शिवण थांबवून तिने टँककडे पाहिलं आणि आमच्या गावाकडच्या बोलीत विचारलं,

"ओ, हाई काय शे? जांभळं दिखस ना."

"कच्चं शे ते. वाफ लागनी का काळं व्हई."

"टँकले वाफ?"

मी हसलो. जाणकार हसतात तसा. "तुले नही समजाव."

तिने पुन्हा मशीन सुरू केलं. पण तिचा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला आणि जेवताना घास हातात असतानाच मला उमगलं, की मिलमध्ये वाफ द्यायला खोलीएवढं यंत्र आहे. त्यातून मैलभर साडी जाते. टँक जात नाही. आणि वाफ दिली नाही तर आबांचा टँक जन्मभर जांभळाच राहणार.

रविवारी सकाळी मी लग्नातलं मोठं पातेलं माळ्यावरून काढलं. तळाला पाणी, वर चाळणी, चाळणीवर टँक. (खाली फडकं अंथरलं होतं. ढोकळ्याला लावतात तसं तेलाचं बोटही फिरवणार होतो, पण सुनंदाने तेलाचं भांडं उचलून नेलं.) झाकण ठेवलं, झाकणावर खलबत्ता ठेवला. मिलमध्ये आठ मिनिटं वाफ देतात. पण मिलची वाफ भयंकर तापलेली, आमच्या स्टोव्हची साधी, तेव्हा आपण अर्धा तास देऊ, असा हिशेब मी केला. हिशेबात दोन गोष्टी राहून गेल्या. हे रंग विशिष्ट कापडासाठी बनवलेले असतात, ही पहिली. टँक प्लास्टिकचा आहे, ही दुसरी.

वीस मिनिटांनी सुनंदा म्हणाली, "कसाना तरी वास ई ऱ्हायना."

"रंग पिकी ऱ्हायना," मी म्हणालो.

अर्ध्या तासाने झाकण काढलं. वाफ निवळेपर्यंत मला तोफ दिसेना. मग दिसली. ती चाळणीच्या भोकात खाली गेली होती. ताठ, अभिमानी, आबांनी भिंगातून पाहत बसवलेली ती नळी मऊ पडून खाली वाकली होती आणि तिचं टोक पाण्याला लागायला दोन बोटं कमी होती. तहान लागल्यासारखी.

मी टँक उचलला. सरळ करायला नळी वर ढकलली, तर ती डावीकडे गेली. डावीकडून आणली, तर पुन्हा खाली. पटकन गार पाण्यात धरावं म्हणून नळाखाली नेला, आणि तिथे दुसरा प्रकार सुरू झाला. रंग वाहायला लागला. नुसता वाहिला असता तर मी देवाचे आभार मानले असते. पण प्रत्येक रंगात मी जे दोन-तीन रंग कालवले होते, त्यांतला निळा तेवढा वाहून गेला. निळा स्वभावाने हट्टी. त्याला मिलचीच वाफ लागते, घरची चालत नाही. गुलाबी आणि पिवळा मात्र गरीब बिचारे, मिळेल त्या वाफेवर खोलवर शिरून बसले. मेंदीतला निळा गेला, उरला हळदी. खाकीतला गेला, उरला केशरी. काळ्यातला गेला, आणि उरला भडक गुलाबी, म्हणजे राणी. सुरतेच्या दुकानात गिऱ्हाईक लांबून बोट दाखवतं, तो झगझगीत राणी.

आणि हे रंग पक्के होते. मी साबण लावला, सोडा लावला, काथ्याने घासलं. निघेना. अकरा वर्षांत माझ्या हातून इतका पक्का राणी कधी उतरला नव्हता.

मग मला आबांचा रोजचा नेम आठवला. मी टँकचं डोकं धरून हळूच फिरवलं. फिरलं नाही. अजून जरा जोर लावला. ते खालच्या अंगाला चिकटून एकजीव झालं होतं. मी तिथेच मोरीपाशी खाली बसलो. रंगाचं काय, तोफेचं काय, काहीतरी थाप मारता आली असती. पण यापुढे आबा रोज सकाळी काय फिरवणार? मला खरंच रडू आलं. सुनंदाने माझ्या हातातून टँक घेतला, पुसला आणि सुकायला म्हणून तिच्या ढिगावर ठेवून दिला. मग एवढंच विचारलं, "आते आबाले काय सांगशात?"

"मंगळवारपर्यंत दोन दिवस शेतस," मी म्हणालो. "काहीतरी करू."

तेवढ्यात दार वाजलं. दारात आबा. हातात पिशवी, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, दाढी गुळगुळीत. मंगळवारपर्यंत त्यांना धीर निघाला नव्हता.

पाणी झालं, चहा झाला. आबांनी कप बशीवर ठेवला, थरथरणारे हात गुडघ्यांवर दाबून धरले आणि लहान आवाजात विचारलं, "टँक कोठे शे?"

मी उठून उभा राहिलो. सुनंदा म्हणाली, "तुमना पुढेच शे, आबा."

आबांनी समोर पाहिलं. समोर साड्यांचा ढीग. त्या हंगामात सुरतेत जिकडेतिकडे कैऱ्याच छापत होते. राणी, हळदी, केशरी. आबांनी चष्मा लावला. ढीग वरपासून खालपर्यंत पाहिला, मग खिडकीत पाहिलं, मग कपाटावर पाहिलं.

"माले दिखी नही ऱ्हायना."

टँक त्यांच्यापासून दोन हातांवर होता. शेवटी सुनंदाने उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला.

आबांनी वाकलेल्या नळीवरून बोट फिरवलं. कैऱ्या पाहिल्या, डाव्या, मग उजव्या. आणि मग, मी मनात नको नको म्हणत असताना, त्यांनी डोकं धरलं आणि फिरवायला गेले. एकदा. पुन्हा एकदा. मग हात काढून घेतला.

मी भडाभडा सगळं सांगितलं. ट्रेसिंग, बरण्या, पातेलं, खलबत्ता, सगळं. ते ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "मना टँक माले शंभर पावलंवरतीन वळखू ये. हाऊ दोन पावलंवर दिखना नही."

माझ्यातला मूर्ख अजून जिवंत होता. तो म्हणाला, "मंग... टँक दिखाले नको, हाऊच मुद्दा व्हता ना, आबा?"

"व्हता," आबा म्हणाले. "पन दुश्मनले. माले तं दिखाले पायजे व्हता, जवाईबापू."

यापेक्षा त्यांनी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर मी जेवलो तरी असतो.

मी म्हणालो, आजच दुकानातून ऑइल पेंट आणतो, वरून हिरवा देतो. आबांनी टँक धोतरात गुंडाळला आणि म्हणाले, "आते रंग नको." एवढं ठामपणे मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी उधना स्टेशनात गाडीत बसल्यावर मात्र खिडकीतून म्हणाले, "येत्या रविवारी तुम्हीबी या." तो हुकूम होता.

गेलो. रविवारी आबांच्या ओसरीवर मेजरसाहेब बसले होते. उंच, पांढऱ्या मिशा, पाठ अजून ताठ. मध्ये स्टुलावर धुतलेला रुमाल आणि रुमालावर टँक. आबांनी तो लपवला नव्हता, कपाटात टाकला नव्हता. मला वाटलं होतं, काहीतरी सांगून वेळ मारून नेतील. पण साहेबांनी दिलेली वस्तू साहेबांना दाखवायची नाही, हे त्यांना जमणारं नव्हतं. मी सासूबाईंच्या हातून चहाचा ट्रे घेऊन दारातच थबकलो. पुढे जाववेना, मागे जायला तोंड नव्हतं.

मेजरसाहेबांनी वाकून टँक न्याहाळला. राणी कैऱ्या पाहिल्या. खाली मान घातलेली तोफ पाहिली. बोटाने डोकं फिरवून पाहिलं. मग अतिशय गंभीर आवाजात त्यांनी विचारलं, "हवालदार, ये किस फौज का है?"

आबा ताडकन उठले. टाचा जुळवल्या. कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच मला त्यांचे हात थरथरताना दिसले नाहीत.

"दुश्मन का है, साहब. पकड के लाया हूँ."

साहेबांच्या मिशा हलल्या. त्यांनी मान वळवून दाराकडे, माझ्याकडे पाहिलं. "और ये?"

"इसी के अंदर से निकला, साहब," आबा म्हणाले.

मी शरणागतीचे दोन्ही हात वर करणारच होतो, पण हातांत चहाचा ट्रे होता.